वैशाखातली परसबाग आणि तिचे राखणदार

घराच्या मागच्या अंगाला थोडी जागा असते. कोणी तिला परस म्हणते, कोणी परसदार, कोणी परडे. न्हाणीचे पाणी तिकडेच जाते. तिथे आळूचे चार गड्डे असतात. एखादी केळ असते. कढीपत्ता, शेवगा, तुळस, कुडावर चढलेला दोडका असतो. पावसाळ्यात हे सारे आपोआप वाढते. हिवाळ्यातही फार बघावे लागत नाही. खरी ओढ लागते ती चैत्र-वैशाखात.

तेव्हा विहिरी तळाला जातात. नळाला दोन-दोन दिवस पाणी येत नाही. कुठे टँकरची वाट बघत बसावे लागते. माणसाला प्यायला पाणी नाही, मग झाडांना कुठले? असे म्हणून कितीतरी घरी परस सोडून देतात. झाडे वाळतात. पाचोळा साठतो. एक दिवस त्याला काडी लावतात. मृग लागला की पुन्हा नव्याने सुरुवात.

यात आपले काय गेले? चार काकड्या गेल्या, असे वाटते. पण परसात नुसती भाजी नसते. तिथे आपले राखणदार राहतात. ते पगार मागत नाहीत. रात्रंदिवस किडे वेचतात. उन्हाने परस करपले की हे राखणदार मरतात, नाही तर निघून जातात. मग पावसाळ्यात अळ्या येतात, भुंगेरे येतात, आणि त्यांना खाणारे कोणी उरत नाही. आपण दुकानात जाऊन औषधाची बाटली आणतो. औषध कसले, विषच ते!

म्हणून आम्ही सांगतो, उन्हाळ्याचे तीन महिने परस जगवा. त्याला चांगले पाणी वेगळे लागत नाही. ते कसे, ते पुढे सांगतो. आधी या राखणदारांची ओळख करून घेऊ.

कोण हे राखणदार?

बेडूक सर्वांना ठाऊक आहे. पण खरखरीत अंगाचा, मातकट रंगाचा एक बेडूक असतो. त्याला भेक म्हणतात. तो सारा दिवस पाण्यात राहत नाही. कुंडीखाली, रांजणाच्या बुडाशी, ओल्या मातीत अंग चोरून बसतो. रात्र पडली की बाहेर येतो आणि किडे, मुंग्या, वाळवी गट्ट करतो. दिसायला ओंगळ म्हणून पोरे त्याला दगड मारतात. मारू देऊ नका. त्याच्या कातडीला थोडे विष असते, म्हणून कुत्रे त्याला तोंडात धरले तरी थुंकून टाकते. माणसाने हात लावलाच तर हात धुवावेत, म्हणजे झाले.

सरडा आणि पाल हेही किडेच खातात. सापसुरळी तर फुकट मरते. चकचकीत अंगाची, आखूड पायांची ती सळसळत पाचोळ्यात शिरते. लोक तिला सापाची मावशी म्हणतात आणि विषारी समजून ठेचतात. तिच्यात विष नसते. पालीतही नसते. दुधात पाल पडली तर ते दूध टाकूनच द्यावे, पण ते घाणीमुळे.

पक्षी तर पुष्कळ आहेत. दयाळ, साळुंकी, बुलबुल, कोतवाल. शिंपी नावाचा एवढासा पक्षी असतो. तो चोचीने पानाच्या कडा टोचतो, त्यातून कापूस किंवा कोळ्याचे जाळे ओवतो आणि पानाची पिशवी शिवतो. हेच त्याचे घरटे. आपल्या परसातली मोठ्या पानांची झाडे त्याला आवडतात. तो दिवसभर पानामागचे किडे वेचत फिरतो.

चिमणीचे मात्र नीट ऐका. चिमणी दाणे खाते, म्हणून शेतकरी तिला हाकलतो. ते खरेच आहे, ती दाणे खाते. पण तिच्या पिलांना दाणा पचत नाही. पिलांना मऊ अळ्या आणि किडे लागतात. चिमणा-चिमणी दिवसभर ते शोधून आणून भरवतात.

चीन देशात एक गोष्ट घडली. १९५८ साली तिथल्या सरकारने चार पिडा ठरवल्या : उंदीर, माशा, डास आणि चिमण्या. चिमण्या धान्य खातात, त्यांना संपवा, असा हुकूम निघाला. लोक थाळ्या, ढोल बडवत हिंडले. चिमण्यांना कुठे बसूच दिले नाही. त्या उडून उडून दमल्या आणि खाली पडल्या. घरटी मोडली, अंडी फोडली. चिमण्या फार कमी झाल्या आणि पिकांवर किडे माजले. तेव्हा १९६० साली यादीतून चिमणीचे नाव काढले आणि तिच्या जागी ढेकणाचे नाव घातले. त्याच वर्षांत तिकडे भयंकर दुष्काळ पडला. तो काही एकट्या चिमण्यांमुळे पडला नाही, त्याला इतर कारणे पुष्कळ होती. पण किड्यांनी त्यात भर घातली.

आपल्याकडे चिमण्यांना कोणी थाळ्या वाजवून मारले नाही. पण मातीची घरे गेली, कौले गेली, स्लॅब आले. भिंतीत बिळे राहिली नाहीत, वळचण राहिली नाही. चिमणीने घरटे बांधावे कुठे? नाशिकचे मोहम्मद दिलावर यांनी या कामी पुढाकार घेतला. २०१० पासून २० मार्च हा दिवस चिमणी दिवस म्हणून पाळतात. तुम्ही एवढेच करा. एक लहान गाडगे घ्या. त्याच्या बाजूला सव्वा इंचाचे भोक पाडा, तोंड झाकून घ्या, आणि वळचणीला सावलीत टांगा. भोक मोठे झाले तर साळुंकी शिरते आणि चिमणी बाहेर राहते.

भोपळ्याचे फूल का गळते?

पुष्कळ बाया विचारतात, वेलाला फुले लागतात भाराभर, मग भोपळे दोनच का? सारी फुले वांझ निघाली काय?

तसे नाही. भोपळा, दोडका, कारले, काकडी या वेलांना दोन तऱ्हेची फुले येतात. एक नर, एक मादी. उद्या सकाळी वेलाजवळ बसून बघा. काही फुलांचा देठ नुसता बारीक असतो. ते नर फूल. काही फुलांच्या मागे इवलासा भोपळा असतो. ते मादी फूल. नर फुलातली पिवळी भुकटी मादी फुलात पडली तरच तो इवलासा भोपळा मोठा होतो. नाही तर पिवळा पडून गळतो.

ही भुकटी नेणार कोण? वाऱ्याचे हे काम नाही. भुकटी चिकट आणि जड असते. ती माशी नेते. मधमाशी मधासाठी फुलात शिरते, भुकटी तिच्या अंगाला लागते, आणि दुसऱ्या फुलात झडते. लाल भोपळा, काकडी, कारले यांची फुले सकाळी उमलतात, त्यांना मधमाशी येते. दुधी आणि दोडका संध्याकाळी फुलतो, त्यांच्याकडे पतंग येतात. अंधारात दिव्यावर येतात ना, तसलेच. फार कडक उन्हानेही फुले गळतात हे खरे. पण माशी नसेल तर ऊन कमी असूनही फळ धरणार नाही.

उन्हाळ्यात मधमाशीला आणखी एक काम असते. पोळे तापले की आतले मेण मऊ होते, पिले मरू लागतात. मग माश्या पाणी आणतात. पोळ्याच्या घरांवर त्याचे थेंब पसरतात आणि पंखांनी वारा घालतात. पाणी सुकते आणि पोळे गार होते. आपला माठ पाझरून गार होतो, तीच ही युक्ती. म्हणून वैशाखात मोरीच्या कडेला, रांजणाच्या खाली ओल्या जागी माश्या बसलेल्या दिसतात. त्या चावायला आलेल्या नसतात. त्यांना झटकू नका, पाणी नेऊ द्या.

मधमाशीसाठी वेगळे काही लावायला नको. तुळशीच्या मंजिऱ्या आपण खुडतो. सगळ्या खुडू नका, थोड्या राहू द्या. शेवगा, लिंबू, कडुनिंब यांची फुले तिला आवडतात. महाबळेश्वराजवळ मांघर नावाचे लहानसे गाव आहे. तिथे घरोघर मधमाश्या पाळतात. २०२२ साली ते देशातले पहिले ‘मधाचे गाव’ म्हणून जाहीर झाले. आपल्याला काही पेट्या पाळायच्या नाहीत. झाडावर पोळे असेल तर धूर करून जाळू नये, एवढे पुरे. आग्या माशीचे मोठे पोळे मात्र दाराशी असेल तर पोरांना दूर ठेवा. ते हलवायचे ते जाणत्या माणसानेच.

आणि परसात माशी येईनाशी झाली असेल तर? तोवर हाताने काम चालवा. सकाळी नुकते उमललेले नर फूल तोडा. त्याच्या पाकळ्या काढा. आतला दांडा मादी फुलात अलगद फिरवा. फळ धरते. पण शंभर फुलांना असे कोण करत बसणार?

पाणी आणायचे कुठून?

आता मुख्य गोष्ट. डोईवरून हंडा आणणाऱ्या बाईला झाडाला पाणी घाल म्हणून सांगणे म्हणजे तिच्या मानेवर आणखी ओझे. ते आम्ही सांगत नाही. एकदा वापरलेले पाणीच परसाला द्यायचे.

तांदूळ, डाळ, भाजी धुतलेले पाणी मोरीत ओतू नका. एक जुनी बादली जवळ ठेवा, त्यात साठवा. दिवसाकाठी किती निघते ते मोजून बघा. तुम्हाला नवल वाटेल. हे पाणी वेलांना आणि रोपांना. आंघोळीचे पाणी आळू, केळ, कर्दळ यांच्याकडे चरीने न्या. त्यांना थोडा साबण सोसतो. कपडे धुण्याच्या पावडरीचे फेसाळ पाणी मात्र पालेभाजीला घालू नका. पहिला फेस सोडून द्या, मागचे खळबळलेले पाणी चालेल.

पाणी घालायचे ते दिवस मावळल्यावर, नाही तर पहाटे. दुपारी घातलेले निम्मे पाणी ऊनच पिते.

याहून चांगली युक्ती मडक्याची. कुंभाराकडून पाच-सहा लिटरचे साधे, भाजलेले मडके आणा. रंग दिलेले नको. वेलाच्या शेजारी वीतभर अंतरावर खड्डा करून ते गळ्यापर्यंत पुरा. त्यात पाणी भरा आणि वर झाकणी ठेवा. मडके आतून हळूहळू पाझरते. मुळे ओलीकडे वळतात आणि मडक्याला बिलगतात. वरची माती कोरडी राहते, म्हणून तणही कमी. दोन-तीन दिवसांनी आत बघावे, उतरले असेल तर भरावे. झाकणी विसरू नका. उघड्या मडक्यात डास होतात, उंदीर पडतो.

दुसरे काम पाचोळ्याचे. तो जाळू नका. झाडाच्या बुडाशी चार बोटे जाड पसरा. उसाचे पाचट, वाळके गवत, काहीही चालते. त्याखाली ओल टिकते. गांडूळ जगते. भेकाला आणि सापसुरळीला घर मिळते. दयाळ आणि साळुंकी तो चोचीने उलथून किडे काढतात. खोडाला मात्र पाचोळा चिकटवू नका. बोटभर जागा सोडा, नाही तर वाळवी लागते. कोवळ्या रोपांवर तुराट्यांचा किंवा पऱ्हाट्यांचा लहानसा मांडव घाला. दुपारचे ऊन अडले की निम्मे काम झाले.

पाखरांचे पाणी

हल्ली उन्हाळा आला की पाखरांसाठी पाणी ठेवतात. रंगीत भांडी विकत मिळतात. हौसेने टांगतात, चार दिवस पाणी घालतात, मग विसरतात. आम्हाला हे बरे वाटत नाही. पाखराला एका जागेची सवय लागते. ते तिथे तहानेने येते आणि भांडे कोरडे. ठेवायचे तर रोज भरा. जमत नसेल तर ठेवूच नका.

मातीचे उथळ परळ सर्वांत चांगले. दोन बोटे पाणी पुरे. त्यात एक-दोन खडबडीत दगड ठेवा. त्यावर मधमाशी आणि लहान पाखरू बसते, बुडत नाही. परळ सावलीत ठेवा, पण दाट झुडपाला चिकटून नको. तिथे मांजर दबा धरते. रोज संध्याकाळी उरलेले पाणी झाडाला ओता आणि सकाळी नवे भरा. आठवड्यातून एकदा काथ्याने घासा. एका प्रकारच्या डासाची अंडी भांड्याच्या कडेला चिकटून राहतात, नुसते पाणी ओतून जात नाहीत. त्याच डासापासून डेंग्यू होतो. घरातले रांजण, टाकी यांचाही आठवड्यात एक दिवस कोरडा पाळावा, तो याचसाठी.

गुरांच्या हौदात, खोल टाकीत पाखरे आणि खारी पाणी प्यायला उतरतात आणि वर येता येत नाही म्हणून मरतात. आत एक काटकी तिरपी टाकून ठेवा. फुकटचे काम, पण जीव वाचतो.

आणि साप?

हा प्रश्न प्रत्येक गावात येतो. यायलाच हवा. पाचोळा ठेवा, ओल ठेवा म्हणता, मग साप नाही का येणार?

येईल. आम्ही खोटे सांगणार नाही. साप उंदरामागे येतो, बेडकामागे येतो, गारव्याला येतो. म्हणून परसाची आखणी नीट हवी. सरपण, विटा, दगड यांचे ढीग घराच्या भिंतीला लावू नका. पाचोळा दारापासून आणि पायवाटेपासून लांब. घराभोवती चार-पाच हात जागा झाडून मोकळी ठेवा. धान्य सांडू देऊ नका. उष्टे-खरकटे उघड्यावर टाकू नका. त्याने उंदीर येतात, कुठे कुठे माकडे आणि डुकरेही येतात, आणि त्यांना कोणी बोलावलेले नसते. रात्री परसात जायचे तर हातात बॅटरी आणि पायात वहाण हवी. ढिगात हात घालण्याआधी काठीने हलवा, विंचूही असतो. उन्हाळ्यात बाहेर झोपतो आपण, ते जमिनीवर नको. खाट घ्या, मच्छरदाणी लावा आणि तिच्या कडा खोचा.

आपल्याकडे माणसे मरतात ती मुख्यतः चार सापांनी : नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. धामण लांबलचक असते, पण बिनविषारी. ती उंदीर खाते. साप ओळखता येत नसेल तर लांब उभे राहा आणि जाणत्या सर्पमित्राला बोलवा.

चावलाच तर? मांत्रिकाकडे जाऊ नका. जखम कापू नका, चोखू नका, दोरीने करकचून बांधू नका. चावलेला हात किंवा पाय हलू देऊ नका. १०८ क्रमांकाला फोन करा आणि तडक सरकारी दवाखान्यात न्या. तिथे सापाच्या विषावरचे औषध शिरेतून देतात. घोड्याला थोडे थोडे विष टोचून त्याच्या रक्तापासून ते तयार करतात. दुसरा कुठलाही उतारा नाही. जेवढा वेळ जातो तेवढा धोका वाढतो.

बाटलीतले विष

कपाशीवर मारून उरलेले औषध पुष्कळ जण परसातल्या वांग्यावर मारतात. ते वांगे दुसऱ्या दिवशी कालवणात जाते. घरातलीच माणसे ते खातात. माशी मरते, ढालकिडा मरतो, मेलेला किडा खाऊन पाखरू मरते. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा झाली. शेकडो जण आजारी पडले आणि वीसएक शेतकरी-मजूर दगावले. शेतात जे माणसाला मारते ते परसात कशाला आणावे?

कोवळ्या शेंड्यावर मावा पडला तर आधी पाण्याचा जोरदार शिपका मारा. ढालकिडा दिसला तर काहीच करू नका. पाठीवर ठिपके असलेला तो लालसर, गोल किडा मावा खातो. त्याची पिलेही खातात. एवढ्याने भागले नाही तर निंबोळीचा अर्क करा. मागल्या वर्षीच्या वाळलेल्या निंबोळ्यांचा गर पन्नास ग्रॅम कुटा, एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, फडक्यातून गाळा, चिमूटभर साबण मिसळा. संध्याकाळी फवारा, माश्या परतल्यावर.

कढीपत्त्यावर पाखराची विष्ठा पडल्यासारखे काही दिसेल. ती अळी असते. पुढे हिरवी होते, मग तिचे फुलपाखरू होते. झाड लहान असेल तर अळ्या वेचून काढा. मोठे असेल तर चार पाने खाऊ द्या. आपल्या राज्याने २०१५ साली नीलवंत हे राज्य फुलपाखरू ठरवले. त्याची अळी लिंबाच्या जातीच्या झाडांवरच वाढते. राज्याचा मानकरी आपल्या लिंबावर जेवला तर बिघडले काय?

पाखरेही फळे खातात हे मान्य करू. बुलबुल पपईला भोक पाडतो, पोपट पेरू कुरतडतो. पिकायला आलेल्या फळाला जुन्या लुगड्याची चिंधी बांधा. शेंड्याचे एखादे फळ पाखरांचे समजा.

वळवाची पहिली सर आली की रात्री डबक्याकाठी भेक ओरडू लागतात. त्यांची अंडी पाण्यात काळ्या मण्यांच्या माळेसारखी दिसतात. पोरांना दाखवा, पण काठीने ढवळू देऊ नका. मृगाचा पाऊस नीट लागला की पुरलेली मडकी उकरून काढा, घासा, उन्हात वाळवा आणि पुढच्या चैत्रासाठी माळ्यावर ठेवा. खड्डा बुजवताना त्यात घमेलेभर शेणखत टाका आणि भोपळ्याच्या दोन बिया टोचा. तिथली माती भुसभुशीत झालेलीच असते.